परवान्यातील 'परिसर' आणि सोयगावचा वाचक

विद्यापीठीय ग्रंथालयांसंबंधी मराठीत जे लेखन होते, त्यात ग्रंथसंख्या, इमारत, वाचनकक्ष आणि अनुदान यांची चर्चा असते. ज्या कागदावर आज संशोधकाचे वाचन खरोखर ठरते, त्या परवानापत्राची चर्चा मात्र क्वचितच आढळते. परवानापत्र ही ग्रंथपालाने आणि लेखाविभागाने पाहावयाची बाब होय, अशी समजूत साहित्याच्या अभ्यासकांत रूढ आहे. ही समजूत अभ्यासकांनाच महागात पडणारी आहे. इलेक्ट्रॉनिक नियतकालिके आणि ग्रंथ यांसाठी प्रकाशकाशी जो करार होतो, त्यात 'परिसर' आणि 'अधिकृत वाचक' या दोन शब्दांच्या व्याख्या असतात. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठ आवारातील विद्यार्थी काय वाचू शकेल आणि त्याच विद्यापीठाची पदवी घेणारा सोयगावचा विद्यार्थी काय वाचू शकणार नाही, हे या व्याख्यांवरून ठरते.

छापील ग्रंथाच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नव्हता. विद्यापीठाने ग्रंथ विकत घेतला की ती प्रत विद्यापीठाची होत असे. ती कोणास द्यावी, किती दिवस द्यावी, आंतरग्रंथालयीन देवघेवीने तालुक्याच्या महाविद्यालयास पाठवावी की नाही, याचा निर्णय ग्रंथालय घेई. प्रकाशकाचा त्यात संबंध नसे. इलेक्ट्रॉनिक साधनांच्या बाबतीत बहुधा विक्री होतच नाही. प्रकाशक आपल्या संगणकावर ठेवलेला मजकूर ठरावीक काळापुरता, ठरावीक व्यक्तींना, ठरावीक ठिकाणाहून पाहू देतो आणि त्याचे मूल्य घेतो. या मूल्यास 'वर्गणी' असेच म्हणतात, परंतु शब्द जुना असला तरी व्यवहार निराळा आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेच्या 'नवभारत'ची वर्गणी एखाद्या महाविद्यालयाने थांबविली, तरी मागील अंक कपाटात राहत. येथे करारात तशी स्वतंत्र तरतूद करून घेतली नसेल, तर वर्गणीबरोबर मागील अंकही जातात.

आता विद्यापीठाच्या रचनेकडे वळावे लागेल. मराठवाड्यातील महाविद्यालये पूर्वी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा या प्रदेशातील विद्यार्थ्याचे ज्ञानकेंद्र प्रथमच त्याच्या भाषेच्या प्रदेशात आले. १९९४ साली नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाले आणि जुन्या विद्यापीठाकडे छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे राहिले. २००४ मध्ये धाराशिव, म्हणजे तेव्हाचे उस्मानाबाद, येथे उपपरिसर सुरू झाला. तो मुख्य आवारापासून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. मुख्य आवार, उपपरिसर आणि चार जिल्ह्यांत पसरलेली संलग्न महाविद्यालये, अशी ही तिपदरी रचना आहे. पहिल्या दोन पदरांत मिळून जेवढे विद्यार्थी असतात, त्यांच्या कितीतरी पट विद्यार्थी तिसऱ्या पदरात असतात.

प्रकाशकांच्या करारातील 'साइट' ही कल्पना ज्या पाश्चात्त्य विद्यापीठांच्या अनुभवातून घडली, तेथे हा तिसरा पदर सहसा नसतो. संलग्नतेची पद्धत भारताने लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावरून १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे स्वीकारली आणि मूळ नमुना बदलून गेल्यावरही ती येथे टिकून राहिली. परिणामी 'विद्यापीठ' या शब्दाने सोयगावच्या विद्यार्थ्याला जे अभिप्रेत असते आणि प्रकाशकाला जे अभिप्रेत असते, त्यांत मेळ राहत नाही. विद्यार्थ्याच्या परीक्षेचा अर्ज, गुणपत्रक आणि पदवी यांवर विद्यापीठाचे नाव असते. परवानापत्रात मात्र तो विद्यापीठात नसतो.

सोयगाव हे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे तालुक्याचे गाव. अजिंठ्याचा डोंगर उतरल्यावर ते लागते आणि त्याचे तोंड खानदेशाकडे आहे. पाचोरा आणि जामनेर हे जळगाव जिल्ह्यातील तालुके शेजारी आहेत. बोलीवर खानदेशी वळणाची छाया आहे, डोंगराच्या कुशीत बंजारा तांडे आणि तडवी वस्त्या आहेत. बोलींचा किंवा लोकसाहित्याचा अभ्यास करणाऱ्यास येथे घराबाहेर पडताच सामग्री मिळावी, असा हा प्रदेश आहे. याच तालुक्यात अजिंठ्याची लेणी आहेत. लेण्यांच्या कालक्रमाविषयी वॉल्टर स्पिंक यांनी हयातभर केलेले संशोधन २००५ पासून लायडनच्या ब्रिल या प्रकाशनसंस्थेने अनेक खंडांत प्रसिद्ध केले. त्यांचे पूर्वीचे काही लेख 'आर्स ओरिएंटॅलिस'मध्ये आले आणि ते नियतकालिक 'जेस्टोर' या संग्रहात आहे. लायडन किंवा मिशिगन येथील विद्यार्थी हे सारे आपल्या खोलीत बसून वाचू शकतो. ज्या तालुक्यात लेणी आहेत तेथील महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यासाठी तेच वाचन परवानापत्रातील व्याख्येवर अवलंबून असते. तालुक्याचा विषय परदेशी ग्रंथालयात अभ्यासला जातो, यात तक्रार करण्यासारखे काही नाही. तो अभ्यास परत तालुक्यात पोहोचत नाही, हे मात्र गंभीर आहे.

हे असे का होते, हे समजण्यासाठी परवानापत्राची रचना थोडी बारकाईने पाहावी लागते. प्रथम 'अधिकृत वाचक' कोण ते सांगितलेले असते: विद्यापीठाचे अध्यापक, कर्मचारी आणि नोंदणीकृत विद्यार्थी. कित्येक आदर्श मसुद्यांत 'ते कोठेही असोत' अशी जोडही असते. म्हणजे सोयगावच्या महाविद्यालयात शिकविणारा आणि विद्यापीठात पीएच.डी.साठी नोंदणी झालेला अध्यापक व्याख्येने अधिकृत वाचक ठरू शकतो. अडचण पुढच्या कलमात येते. प्रकाशकाचा संगणक वाचकाला ओळखतो तो त्याच्या आय.पी. क्रमांकावरून, म्हणजे विद्यापीठाच्या जाळ्याला मिळालेल्या क्रमांकांच्या यादीवरून. आवारातील यंत्रापुढे बसलेली कोणतीही व्यक्ती या यादीमुळे वाचक ठरते आणि आवाराबाहेरचा नोंदणीकृत संशोधक परका ठरतो. करार व्यक्तीला मान्यता देतो आणि यंत्रणा जागेला. ही विसंगती दूर करण्याची साधने उपलब्ध आहेत. विद्यापीठाच्या संगणकामार्फत बाहेरील वाचकाला ओळख देता येते. इन्फ्लिबनेटने उभारलेल्या 'इन्फेड' या व्यवस्थेतही संस्थेने दिलेल्या नावाने आणि पासवर्डने कोठूनही प्रवेश करता येतो. तेव्हा संशोधकाच्या बाबतीत प्रश्न बव्हंशी कारभाराचा आहे. नोंदणीच्या दिवशी जसा नोंदणी क्रमांक मिळतो, तसाच ग्रंथालयाचा प्रवेश मिळाला पाहिजे. त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी शिफारस आणि वेगळी खेप असू नये.

एम.ए.च्या विद्यार्थ्याचा प्रश्न याहून अवघड आहे. तो महाविद्यालयाचा विद्यार्थी असतो. विद्यापीठ त्याची परीक्षा घेते, अभ्यासक्रम ठरविते, पदवी देते. परंतु प्रकाशकाच्या हिशेबी तो विद्यापीठाच्या पटावर नसतो. आणि बहुतेक करारांत शुल्क ठरते ते पटावरील संख्येवरून. येथे ग्रंथपालांची बाजू समजून घेतली पाहिजे. चार जिल्ह्यांतील सारे विद्यार्थी 'अधिकृत वाचक' म्हणून दाखविले, तर संख्या एकदम अनेक पटींनी वाढते आणि प्रकाशक त्या प्रमाणात शुल्क मागतो. मग आहे तेही गमवावे लागेल, अशी ग्रंथपालाला भीती वाटते. ती निराधार नाही. साहित्याच्या विभागांतून ग्रंथालयावर जी सरसकट टीका होते, तिच्यात या भीतीचा विचार केलेला नसतो.

परंतु हा हिशेब एकाच रीतीने मांडता येतो असे नाही. मराठीच्या विद्यार्थ्याला रसायनशास्त्राची नियतकालिके नको असतात. त्याला लोकसाहित्य, भाषाविज्ञान, समाजशास्त्र, इतिहास आणि समीक्षा यांचा मर्यादित संच हवा असतो. पटावरील संपूर्ण संख्या सर्व संचांना लावण्याऐवजी त्या त्या विषयाची संख्या त्या त्या संचाला लावावी, ही मागणी वाटाघाटीत ठेवण्यासारखी आहे. शिवाय कोणत्या नियतकालिकाचा किती वापर झाला, याचे अहवाल 'काउंटर' नावाच्या सर्वमान्य पद्धतीने २००३ पासून दिले जातात. प्रत्यक्ष वापर किती हे ज्याच्या हाती आहे, त्याला संभाव्य वाचकांच्या आकड्याने दडपून जाण्याचे कारण नाही. हे अहवाल विभागप्रमुखांनी कधी मागविले आहेत काय, हा प्रश्न विचारल्यास उत्तर बहुधा निराशाजनक येईल.

आणखी एक तरतूद अनेक करारांत असते आणि वापरावाचून पडून राहते. ग्रंथालयात प्रत्यक्ष येणाऱ्या बाहेरच्या वाचकास तेथील यंत्रावर वाचू द्यावे, असे ती सांगते. सोयगावच्या बाबतीत हिला विशेष अर्थ आहे. छत्रपती संभाजीनगर तेथून शंभर किलोमीटरांहून अधिक दूर. जळगाव त्या मानाने पुष्कळ जवळ. जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० पासून आहे. स्वतःच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी घाट चढून दिवस घालविणाऱ्या विद्यार्थ्याला शेजारच्या विद्यापीठाच्या वाचनकक्षात अभ्यागत म्हणून बसता आले, तर त्याचा अर्धा दिवस वाचेल. त्यासाठी प्रकाशकाची नवी परवानगी बहुधा लागणार नाही. लागेल ते दोन विद्यापीठांमधील एक साधे पत्र. ओळखपत्र कोणते दाखवावे आणि यंत्रे किती वेळ द्यावीत, एवढेच त्यात ठरवावयाचे आहे. विद्यापीठांच्या हद्दी जिल्ह्यांवरून आखल्या गेल्या. वाचकाने एस.टी.चा मार्ग पाहावा की जिल्ह्याची सीमा?

अनेक परिसरांच्या विद्यापीठाने एकत्र करार केल्यास काय घडते, याचा दाखला कॅलिफोर्निया विद्यापीठाने दिला आहे. या विद्यापीठाचे दहा परिसर आहेत. त्यांच्यासाठी १९९७ मध्ये कॅलिफोर्निया डिजिटल लायब्ररी स्थापन झाली आणि परवान्यांची बोलणी एकत्र होऊ लागली. २०१९च्या फेब्रुवारीत एल्सेव्हिअर या बलाढ्य प्रकाशनसंस्थेशी बोलणी फिसकटली, तेव्हा दहाही परिसर एकत्र राहिले. २०२१ मध्ये नवा करार झाला आणि त्यात विद्यापीठाच्या लेखकांचे लेख सर्वांना खुले करण्याची तरतूद आली. मराठवाड्यातील विद्यापीठाची त्याच्याशी तुलना आर्थिक बळाच्या दृष्टीने हास्यास्पद ठरेल, हे खरे. तरीही त्यातील एक गोष्ट घेण्यासारखी आहे. परिसरांची संख्या हे तेथे ओझे मानले गेले नाही, त्यातूनच बोलण्यांना वजन आले.

भारतात हे एकत्रीकरण विद्यापीठाच्या पातळीवर न होता राष्ट्रीय पातळीवर झाले. १९९१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने इन्फ्लिबनेटचा प्रकल्प सुरू केला. २००४ पासून 'यूजीसी-इन्फोनेट'द्वारे विद्यापीठांना नियतकालिके मिळू लागली. तेव्हाही लाभ विद्यापीठाच्या आवाराला झाला. संलग्न महाविद्यालये बाहेर राहिली. ही उणीव २०१० मध्ये आलेल्या 'एन-लिस्ट'ने बऱ्याच अंशी भरून काढली. अनुदानित महाविद्यालयाने अल्प वार्षिक शुल्क भरावे आणि तेथील अध्यापक-विद्यार्थ्यांना प्रत्येकी स्वतंत्र नाव व पासवर्ड मिळावा, अशी ती योजना. अनेक वर्षे हे शुल्क पाच हजार रुपये होते. तिचे महत्त्व शुल्काच्या अल्पतेपेक्षा तिच्या तत्त्वात आहे: तिने जागा सोडून व्यक्ती ओळखली. महाविद्यालयाच्या एकाच चालू यंत्रापुढे रांग लावण्याऐवजी विद्यार्थ्याला घरून, आणि पुढे मोबाईलवरूनही, वाचणे शक्य झाले. तालुक्याच्या महाविद्यालयाला प्रकाशक परवडेल अशा रीतीने वाचक मानू शकतो, हे या योजनेने सिद्ध केले आहे. म्हणून 'संलग्न महाविद्यालयांसाठी असे करार होतच नाहीत' हे उत्तर यापुढे कोणी देऊ नये.

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळजवळ १३,००० नियतकालिके आणि ६,३००हून अधिक संस्था, असा तिचा विस्तार आहे. देशाने एकच खरेदीदार म्हणून प्रकाशकांपुढे उभे राहावे, हा विचार स्वागतार्ह आहे. परंतु मंजुरीच्या शब्दांत लाभार्थी संस्था म्हणजे केंद्र किंवा राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधनसंस्था, असे म्हटले आहे. महाराष्ट्रातील महाविद्यालयांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातील 'व्यवस्थापन' हा शब्द खटकल्यावाचून राहणार नाही. येथील बहुसंख्य महाविद्यालये शिक्षणसंस्थांनी काढली; शासन वेतन देते आणि संस्था व्यवस्थापन पाहते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे मिलिंद महाविद्यालय १९५० पासून याच रीतीच्या व्यवस्थेत उभे आहे, आणि तालुक्यांतील बहुतेक महाविद्यालयेही. 'व्यवस्थापन' या मापाने मोजले तर विद्यापीठाचे आवार आत येते आणि संस्थांची अनुदानित महाविद्यालये उंबरठ्यावर राहतात. शासन ज्याचे वेतन देते त्या अध्यापकास शासनाने घेतलेल्या परवान्यात स्थान नसावे, याला कोणते तर्कशास्त्र म्हणावे? योजनेच्या पुढील करारात 'व्यवस्थापनाखालील' या शब्दाबरोबर 'अनुदानित' हा शब्द स्पष्टपणे आला पाहिजे, ही मागणी महाराष्ट्रातून सर्वांत जोराने व्हावयास हवी, कारण ही रचना येथे सर्वांत रुजलेली आहे.

येथवरचे विवेचन इतरांच्या परवान्यांविषयी झाले. मराठीच्या विभागांचा स्वतःचा हिशेब अद्याप राहिला आहे, आणि तो अधिक अवघड आहे. वर उल्लेखिलेल्या योजनांतून जे मिळते त्यात इंग्रजी नियतकालिके आहेत. त्यांचा मराठीच्या अभ्यासकाला उपयोग नाही, असे म्हणणे हा आळस होय. तथापि त्याच्या अभ्यासाचा मूळ आधार 'सत्यकथा', 'नवभारत', मराठवाडा साहित्य परिषदेचे 'प्रतिष्ठान', गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादहून चालविलेले 'अस्मितादर्श', 'अनुष्टुभ' आणि साठोत्तरी लघुनियतकालिके हाच आहे. दलित साहित्याच्या चर्चेचा मोठा भाग 'अस्मितादर्श'च्या अंकांत आहे. पुस्तकांतून आलेले निवडक लेख वाचून तो चर्चेचा प्रवाह कळत नाही. उत्तरे, प्रत्युत्तरे, वाचकांची पत्रे, मेळाव्यांचे वृत्तान्त यांसाठी अंकच पाहावे लागतात. काही संस्थांनी आपापल्या परीने जुने अंक संगणकावर आणले आहेत आणि त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु विद्यापीठाने परवाना घेतलेली, शोधता येण्याजोगी, सर्व संलग्न महाविद्यालयांना एकाच वेळी खुली अशी मराठी नियतकालिकांची सेवा हवी असेल, तर ती एल्सेव्हिअर काढणार नाही. विद्यापीठांच्या मराठी विभागांनाच त्यात पुढाकार घ्यावा लागेल.

यातील कायद्याची अडचण लपविण्यात अर्थ नाही. नियतकालिकातील लेखाचे स्वामित्व लेखकाने लेखी हस्तांतरित केले नसेल, तर सामान्यतः ते लेखकाचेच राहते आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे वारसांकडे असते. जुन्या मराठी संपादकांनी लेखकांशी करारपत्रे केल्याची उदाहरणे विरळाच. लेख आला, छापला, अंक पाठविला, एवढाच व्यवहार. तेव्हा संपादकाची परवानगी म्हणजे साऱ्या अंकाची परवानगी ठरत नाही. २०१२च्या दुरुस्तीने ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडील छापील प्रतीची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवण्याची मुभा दिली. जतन करणे आणि चार जिल्ह्यांत वाचावयास देणे या दोन भिन्न गोष्टी असल्याने तेवढ्याने काम भागणार नाही. वारसांची पत्रे गोळा करणे, हयात लेखकांकडून संमती घेणे, ज्यांचा ठावठिकाणा लागत नाही त्यांच्यासाठी कायद्यातील मार्ग पाहणे, हे कंटाळवाणे काम कोणी तरी केले पाहिजे. एम.फिल.चे कित्येक प्रबंध याहून कमी उपयुक्त कामावर लिहिले गेले.

मात्र एका ठिकाणी कायद्याची सबब पुरेशी नाही. विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या विभागांची संशोधनपत्रिका ही तर त्यांच्या स्वतःच्या हातातली गोष्ट आहे. परकीय प्रकाशकांच्या शुल्काविषयी चर्चासत्रांत खेद व्यक्त करावयाचा आणि आपल्या विभागाच्या पत्रिकेचे मागील अंक विभागप्रमुखांच्या कपाटात किल्लीबंद ठेवावयाचे, हा विरोधाभास मराठीच्या प्राध्यापकांनी मनावर घेतलेला दिसत नाही. पुढील प्रत्येक अंकासाठी लेखकाकडून चार ओळींचे संमतिपत्र घ्यावे: स्वामित्व लेखकाचे राहील, विद्यापीठाशी संलग्न कोणाही वाचकास लेख विनामूल्य वाचता व उतरवून घेता येईल. अशा पत्रात 'परिसर' हा शब्दच लागत नाही.

हे शक्य आहे याचे उदाहरण प्रबंधांच्या बाबतीत घडून गेले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांनंतर पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या संग्रहात येऊ लागले. तेथे परवाना नाही, आय.पी. क्रमांक नाही, शुल्क नाही. संभाजीनगरचा विद्यार्थी आणि सोयगावचा विद्यार्थी पूर्ण समान ठरतात अशी बहुधा ही एकमेव मोठी जागा आहे. तिच्यातील उणीव मराठीकडूनच येते. कित्येक मराठी प्रबंध पानांची छायाचित्रे म्हणून चढविलेले आहेत, काही जुन्या फाँटांत आहेत, आणि देवनागरीत शब्द देऊन शोधू गेल्यास त्यांतील मजकूर सापडत नाही. प्रबंध खुला आहे, परंतु त्यातील 'ओवी' किंवा 'तांडा' हा शब्द यंत्राला दिसत नाही. प्रबंध स्वीकारताना तो युनिकोडमध्ये आहे की नाही हे पाहणे मार्गदर्शकाच्या हातात आहे, त्यासाठी दिल्लीकडे पाहण्याचे कारण नाही.

'एक राष्ट्र एक वर्गणी'चा पहिला टप्पा डिसेंबर २०२७ अखेर संपतो. पुढील बोलण्यांत कोणती नियतकालिके असावीत आणि कोणत्या संस्था असाव्यात, याचा विचार त्याआधीच होणार. त्या विचारात मराठीचे नाव यावयाचे असेल, तर कोणत्या नियतकालिकाचे कोणते अंक कोठे पूर्ण आहेत, कोणाची संमती मिळाली आहे आणि संलग्न महाविद्यालयांत त्यांचे किती वाचक आहेत, हे सांगणारी यादी हाती असावी लागेल. ही यादी सोयगावच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील कपाटापासून सुरू करता येते. तेथे कोणते जुने अंक आहेत हे प्रथम तेथील मराठीच्या अध्यापकाने पाहावे.